कोरडा नाद, ओला नाद

मराठवाड्याच्या माणसाला दुष्काळाचे दोन प्रकार शिकवावे लागत नाहीत. पाऊस न पडल्याने पीक करपते तो कोरडा दुष्काळ आणि अति पडल्याने पीक सडते तो ओला दुष्काळ. दोहोंचा शेवट एकच : घरात दाणा येत नाही. ध्वनिमुद्रणाचे काम करणाऱ्या मंडळींच्या बोलण्यातही ओला आणि कोरडा हेच दोन शब्द इंग्रजीतून रूढ आहेत, हे कळले तेव्हा आम्हाला मोठे नवल वाटले. वाद्यातून जसा निघाला तसा, कोणताही संस्कार न झालेला आवाज त्यांच्या लेखी कोरडा; प्रतिध्वनी, गुंजन आणि कंप यांत भिजवून काढलेला तो ओला. त्यांच्या पुष्कळ यंत्रांवर या दोहोंचे प्रमाण ठरविणारे एक गोल बटण असते. त्या एका बटणाविषयी चार शब्द लिहावेत, असे मनात आहे.

गिटारवादक पायाखाली ठेवतात ती लहान डब्यांसारखी पेडले ॲनालॉग सिंथेसायझरला जोडावीत की नाही, आणि जोडली तर किती ऐकू द्यावीत, हा प्रश्न एका धर्मगुरूने लेखाचा विषय करावा, याचे वाचकांना आश्चर्य वाटेल. परंतु आमच्यापुढे तो आला उपासनेचा प्रश्न म्हणून. त्यात एका तरुणाचे मन गुंतले होते, एका वडीलधाऱ्या शिक्षकाची श्रद्धा गुंतली होती आणि एका आजीचा आवाज पणाला लागला होता.

नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर हे तालुक्याचे गाव. जुने नाव वाढोणा. परमेश्वराचे मंदिर आणि महाशिवरात्रीची यात्रा यांमुळे ते पंचक्रोशीत परिचित आहे. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारी रेल्वे येथे थांबते. येथील आमची मंडळी मोजकी. महिन्यातून एका रविवारी आम्ही तेथे जातो आणि एका कुटुंबाच्या पत्र्याच्या शेडमध्ये मिस्सा होते. एरवी त्या शेडमध्ये कापूस आणि सोयाबीन असते. मिस्सासाठी पोती एका भिंतीला रचतात, सतरंज्या अंथरतात आणि टेबलावर पांढरे वस्त्र घालून वेदी सजवितात. जागा स्वच्छ, माणसे प्रेमळ; पण गाण्याला ती जागा साथ देत नाही. पोत्यांची थप्पी आवाज गिळून टाकते. गायलेला शब्द ओठांतून सुटला की जणू जमिनीवर पडतो.

तेथे गाणे टिकून आहे ते एका आजींमुळे. ऐंशी ओलांडलेल्या या बाईंना अक्षरओळख बेताची. पण जात्यावरच्या ओवीच्या चालीत बसविलेली कितीतरी ख्रिस्ती गीते त्यांना मुखोद्गत आहेत. ही गीते आम्ही कोणत्याही छापील गीतसंग्रहात पाहिलेली नाहीत. आजी पहिली ओळ उचलतात, मागोमाग बायका, मग पुरुष, मग मुले. तबला नाही, पेटी नाही.

या मंडळीत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करणारा एक तरुण आहे. त्याने हैदराबादहून एक वापरलेला सिंथेसायझर मिळविला. त्याचा थोरला भाऊ पूर्वी गिटार वाजवीत असे; नोकरीसाठी आखाती देशात जाताना त्याने आपली तीन पेडले धाकट्याकडे ठेवली होती. एक आवाज फाडणारे, दुसरे प्रतिध्वनी देणारे, तिसरे गुंजन देणारे. बाजारच्या भाषेत डिस्टॉर्शन, डिले आणि रिव्हर्ब. ही सारी सामग्री पिशवीत भरून तो मिस्सापूर्वी आमच्याकडे आला आणि म्हणाला, "फादर, पुढच्या महिन्यापासून मी साथ करू का?"

निवृत्त शिक्षक असलेले आमचे गुरुजी शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "फादर, हे बेंजो पार्टीचे सामान. वरातीत शोभेल, वेदीजवळ नको. सप्ताहाच्या मांडवात इको लावतात, तेव्हा बुवा काय म्हणतात ते तरी कळते का?"

"गुरुजी, यात गाणं भरलेलं नसतं. आपणच वाजवायचं असतं," तरुण हळूच म्हणाला.

दोघांचेही बोलणे वजनदार होते. म्हणून निर्णय देण्यापूर्वी ती वस्तू नीट समजून घ्यावी, असे आम्ही ठरविले.

हार्मोनियमला हवा लागते, व्हायोलिनला तार लागते. ॲनालॉग सिंथेसायझरचा नाद विजेच्या आंदोलनातून जन्मतो. आंदोलक एक भरड, खरखरीत लहर तयार करतात. फिल्टर नावाचा भाग चाळणीप्रमाणे तिच्यातील तीव्र अंश गाळतो. आणि आणखी एक भाग तो नाद किती वेगाने उमलावा व विझावा हे ठरवितो. अशा पुष्कळ यंत्रांतून निव्वळ घोषही काढता येतो. पावसाळ्यात पैनगंगेवरील सहस्रकुंड धबधब्यापाशी जो अखंड घोष ऐकू येतो, ज्यातून कोणताही एक सूर निवडता येत नाही, तसाच तो. तो गाळत गेले की त्याचा वारा होतो, लाट होते.

अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ मध्ये असे यंत्र सिद्ध केले आणि १९७० मध्ये त्यांच्या कंपनीचा सुटसुटीत मिनीमूग बाजारात आला. आपल्या देशाला ही विद्या लवकर भेटली. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्येच डेव्हिड ट्यूडर या अमेरिकी संगीतकाराने मूग यंत्राची प्रयोगशाळा उभी केली होती. मुंबईच्या चित्रपटसंगीतात केर्सी लॉर्ड यांनी १९७० च्या दशकात हे वाद्य रुळविले. १९८२ मध्ये चरणजित सिंग यांनी रोलंड कंपनीच्या यंत्रांवर दहा राग वाजवून एक ध्वनिमुद्रिका केली. तेव्हा तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही, पण २०१० मध्ये परदेशातून ती पुन्हा निघाली आणि जाणकार थक्क झाले. त्याही पूर्वी, १९५४ च्या 'नागिन' चित्रपटातील पुंगीने सारा देश डोलला. ती पुंगी नव्हतीच. कल्याणजींनी वाजविलेले ते क्लॅव्हिओलिन नावाचे विजेवरचे वाद्य होते, आणि त्याच्या जोडीला रवी यांची पेटी होती.

आमच्या तरुणाकडील यंत्र कोर्ग कंपनीचे, २०१६ मध्ये जाहीर झालेले. त्याचे नाव मोनोलॉग, म्हणजे स्वगत. नाव अन्वर्थक आहे, कारण ते एका वेळी एकच सूर काढते. पुष्कळ जुन्या सिंथेसायझरांप्रमाणे यातही प्रतिध्वनीची किंवा गुंजनाची सोय नाही. सूर तारेतून निघतो तो थेट कर्ण्यात जातो. त्याला भिंती नाहीत, छत नाही, अंगण नाही. कोरडा नाद म्हणतात तो हा.

आता पेडलांकडे वळू. गुरुजींच्या मते ती मौजमजेच्या संगीताची अपत्ये. त्यांची कुळकथा शोधू लागलो तेव्हा मात्र निराळेच काही आढळले. १९३५ पासून हॅमंड कंपनी विजेवर चालणारा ऑर्गन विकू लागली. ज्यांना नळ्यांचा भव्य ऑर्गन परवडत नव्हता अशी चर्चेस तिच्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी होती. पण लहान खोलीत तो ऑर्गन कोरडा वाटे. म्हणून हॅमंडने टेलिफोनच्या संशोधनातून निघालेली एक युक्ती उचलली : नाद ताणलेल्या स्प्रिंगांतून पाठवायचा, म्हणजे तो रेंगाळतो आणि मोठ्या दालनाचा भास होतो. हीच स्प्रिंग १९६१ मध्ये फेंडर कंपनीने गिटारवादकांना दिली. डॉन लेस्ली या गृहस्थांनी दुकानाच्या प्रशस्त दालनात ऐकलेला हॅमंड घरी आणला आणि त्यांचा हिरमोड झाला. त्यातून त्यांनी फिरत्या भोंग्याचा कर्णा बनविला. त्या भोंग्याची नक्कल करणारी पेडले आजही गिटारवादक विकत घेतात. आणि पायाने दाबताच गिटारला 'वा-वा' असे बोलायला लावणारे प्रसिद्ध पेडल? ते १९६६-६७ च्या सुमारास थॉमस ऑर्गन कंपनीत जन्मले, आणि त्याचा पहिला नमुना ऑर्गनचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या पायपट्टीच्या खोक्यातच बसविला होता.

थोडक्यात, ऑर्गनच्या घरातून गिटारकडे गेलेली ही लेक आता माहेरी येत होती. गुरुजींना हे सांगितले तेव्हा ते हसले, म्हणाले, "माहेरी आली तरी माहेराच्या रीतीने वागली पाहिजे." हे त्यांचे म्हणणे आम्ही मनात ठेवले.

घरी अशी यंत्रे असलेल्या मुलामुलींसाठी व्यवहाराच्या चार गोष्टी येथेच सांगून टाकतो. गिटारमधून निघणारा विजेचा संकेत फार क्षीण असतो, एका व्होल्टच्या काही दशांशांइतका. पेडल त्या क्षीण आवाजासाठीच घडविलेले असते. सिंथेसायझरचा संकेत त्याच्या कितीतरी पट बळकट. तो पूर्ण ताकदीने पेडलात सोडला तर नाद फाटतो. म्हणून सिंथेसायझरचा आवाज प्रथम खाली आणावा आणि मग हळूहळू चढवावा. बळकटाने दुबळ्याच्या पायरीवर उतरून बोलावे, हा नियम संसारातही उपयोगी आहे. दुसरे, पेडलांचा क्रम : आवाज फाडणारे आधी, प्रतिध्वनी त्यानंतर, गुंजन शेवटी. उलटे केले तर प्रतिध्वनीच फाटतो आणि सारा चिखल होतो. तिसरे, गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ आंदोलने करते. सिंथेसायझर त्याच्या बराच खाली उतरतो. त्यामुळे काही पेडले त्याचा खर्ज खातात, हे ध्यानात ठेवावे. चौथे, वीज. बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट लागतात, पण तेवढा आकडा पाहून कोणाचाही ॲडॅप्टर कोणालाही लावू नये. धन-ऋण ध्रुवांची दिशा उलट असली तर यंत्र जळते. हिमायतनगरला वीज गेल्यावर आमच्या तरुणाने सिंथेसायझर आणि प्रतिध्वनीचे पेडल सेलवर चालविले, तेव्हा कर्ण्यातील एरवीची घुंघुं आपोआप नाहीशी झाली.

जुन्या धाटणीच्या प्रतिध्वनी-पेडलांचे अंतरंग मोठे मनोहर आहे. १९६९ मध्ये फिलिप्स कंपनीच्या संशोधकांनी शोधलेल्या या मंडलाला 'बादल्यांची रांग' असेच नाव आहे. आग विझविताना माणसे रांगेत उभी राहून बादली एकमेकांच्या हाती देतात, तसा विजेचा भार एका घरातून पुढच्या घरात सरकत जातो. रांगेच्या टोकाला पोहोचायला जो वेळ लागतो, तेवढ्याने नाद मागे पडतो. वाटेत थोडे सांडतेच. म्हणून प्रत्येक पुनरुक्ती आधीच्यापेक्षा किंचित मंद आणि मऊ होते. टँकरपाशी उन्हात रांगा लावलेल्या आमच्या लोकांना हे चित्र वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

यावर गुरुजींनी खरा आक्षेप काढला. "फादर, पोत्यांच्या शेडमध्ये दगडी चर्चचा भास निर्माण करणे, ही देवापुढे लबाडी नाही का?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. गोव्याचे बॉम जेझूस बॅसिलिका १६०५ मध्ये बांधून झाले. त्याची लांबी सुमारे ५५ मीटर. वेदीजवळ उच्चारलेला शब्द मागच्या भिंतीवर आपटून परत यायला सुमारे एक-तृतीयांश सेकंद लागतो. आमची शेड तीस फुटांची. तेथे तो सेकंदाच्या विसाव्या भागात परततो. शाळेतील विज्ञानाच्या पुस्तकानुसार एक-दशांश सेकंदापेक्षा कमी अंतराने आलेला प्रतिध्वनी कानाला वेगळा कळतच नाही. आमच्या मते, ज्यांनी ते दगडी चर्च बांधले त्यांनीही नादाला घर दिले, आणि ऑर्गन बांधणारे तर वास्तूला अर्धे वाद्यच मानीत. गरिबाच्या शेडला ते घर विजेने दिले तर त्यात लबाडी नाही. लबाडी तेव्हा होईल, जेव्हा माणसे न गाता गायल्याचा भास होईल.

ख्रिस्तसभेची शिकवणही हाच धागा धरते. १९५८ च्या रोमच्या सूचनेत विजेवरचा ऑर्गन तात्पुरता चालवून घेण्याची मुभा होती, पण आपोआप वाजणाऱ्या यंत्रांना उपासनेत मनाई होती. १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने नळ्यांच्या ऑर्गनला मानाचे स्थान दिले, आणि उपासनेला योग्य असलेल्या किंवा योग्य करून घेता येणाऱ्या इतर वाद्यांना धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने दार उघडले. १९६७ च्या संगीतविषयक सूचनेने सांगितले की वाद्याने गाणाऱ्यांना आधार द्यावा. शब्द कळेनासे होतील इतके वर चढू नये. गुरुजींच्या मांडवातील बुवांची तक्रार ती हीच!

आवश्यक ती संमती घेऊन आम्ही प्रयोग केला. पहिल्या रविवारी तरुणाने गुंजनाचे बटण बरेच वर ठेवले. शेड खरोखर भरून गेली. बाहेर उभे राहिलेल्यांना वाटले असेल, आत शंभर माणसे आहेत. पण दुसऱ्या कडव्याला आजी थांबल्या. त्यांच्यामागून बायका थांबल्या. सर्वजण तो सुंदर नाद ऐकू लागले आणि गाणारे कोणी उरले नाही. मिस्सानंतर आजी कौतुकाने म्हणाल्या, "लई गोड वाजवतंय लेकरू. आता मी नाही गायले तरी चालंल."

तो ओला दुष्काळ होता. आजींनी ते समाधानाने म्हटले, हेच आमच्या काळजात रुतले. त्यांच्याबरोबर ती सारी गीते गप्प होणार होती.

तरुण समजूतदार. त्याने आमच्या सांगण्याची वाट पाहिली नाही. "फादर, मला आजीची चालच नीट येत नव्हती. ते झाकायलाच मी बटण वर केलं," असे तो म्हणाला. पुढील महिनाभर तो रोज दुकान बंद झाल्यावर आजींच्या ओट्यावर जाऊन बसू लागला. एकसुरी यंत्राने येथे उपकार केले. अनेक सुरांचा कीबोर्ड असता तर त्याने चाल अर्धवट धरून बाकीचे बोटांनी भरून काढले असते. मोनोलॉगवर एका वेळी एकच सूर, म्हणून तो अचूकच हवा. आजी एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातात, ती मींड पेटीवर येत नाही. याच उणिवेपायी, इतर कारणांबरोबर, आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमला दार बंद केले होते आणि ते उघडायला १९७१ उजाडले. सिंथेसायझरवर मात्र सूर सरकविण्याची सोय आहे. आजींनी ती ऐकली आणि म्हणाल्या, "आता बोललं बघ!"

त्यानंतर आम्ही तिघांनी, म्हणजे गुरुजी, तरुण आणि आम्ही, मिळून रीत ठरविली. मंडळी गात असताना सिंथेसायझर कोरडा राहील आणि तंबोऱ्यासारखा खालचा एकच सूर धरील. ख्रिस्तशरीर स्वीकारल्यानंतरच्या मनन-शांततेपूर्वी तो आजींची चाल एकट्याने वाजवील. तेव्हा गुंजनाचे बटण पावापर्यंत चढेल, पुढे नाही. यंत्रात सुरांची ओळ साठवून ती आपोआप वाजविण्याची सोय आहे; ती उपासनेत वापरायची नाही, हात आणि मन दोन्ही हजर असले पाहिजेत. उपवासकाळात वाद्ये केवळ गायनाच्या आधारापुरती, हा ख्रिस्तसभेचा नियमच आहे. म्हणून त्या काळात पेडले पिशवीतच राहतील. पास्काच्या रात्री गौरवगीताला मात्र ती उघडायची. चाळीस दिवस कोरडा नाद ऐकलेल्या कानांना त्या रात्री पत्र्याची शेड एकाएकी मोठी झाल्यासारखी वाटते. पहिल्या पावसाचे मोल उन्हाळा सोसलेल्यालाच कळते.

आवाज फाडणारे तिसरे पेडल अद्याप खोक्यात आहे. गुरुजी अधूनमधून त्याची चौकशी करतात आणि ते खोक्यातच असल्याची खात्री करून घेतात. आजींचा आवाज थकत चालला आहे; पण त्यांच्या सतरा गीतांच्या चाली तरुणाच्या बोटांत उतरल्या आहेत आणि शब्द त्याने वहीत उतरविले आहेत. मंडळी पुन्हा गाते. कधी आजींना दम लागला तर मुले ओळ उचलतात, आणि खालचा सूर त्यांना पडू देत नाही.

आपल्या घरातील मुलामुलींनी अशी यंत्रे मागितली तर, वाचकहो, एकदम नाही म्हणू नका. आमची एकच विनंती आहे. पेडल विकत घेण्यापूर्वी त्यांना आजीजवळ बसवा आणि एक गाणे पुरते शिकू द्या. पेरलेले असेल तरच पावसाचा उपयोग.